तीन राष्ट्राध्यक्षांचा सामाईक संसार

फेब्रुवारी १९७७ मध्ये टांझानियाने केनियालगतची सरहद्द बंद केली. ती उघडायला १९८३ साल उजाडले. सरहद्द बंद होण्याच्या दहा-बारा वर्षे आधीपर्यंत मोंबासा, कंपाला आणि दार-ए-सलाम या तिन्ही शहरांत एकच शिलिंग चालत होता!

हा सामाईक कारभार इंग्रजांनी स्वतःच्या सोयीसाठी उभा केला होता. १८९६ मध्ये मोंबासाहून निघालेली रेल्वे १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराला भिडली. तिच्यासाठी सुमारे ३२ हजार हिंदी मजूर आणले गेले, बहुतेक पंजाबातले. १९२० पर्यंत तर तिथले चलनही हिंदी रुपयाच होते. पुढे जकात, टपाल, बंदरे, विमाने असे एकेक खाते एकत्र होत गेले. मात्र यातून कुणाच्या पदरात किती पडते, हा हिशेब मांडायची गरज साहेबाला कधी वाटली नाही.

स्वातंत्र्यानंतर तो मांडणे भाग पडले. कारखाने आणि कचेऱ्या नैरोबीत, तिथला माल खपणार युगांडा-टांझानियात, ही तक्रार जुनीच होती. खरे तर पुढे टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष झालेले ज्युलियस न्येरेरे १९६० मध्येच म्हणाले होते, की तिघांचे संघराज्य होणार असेल तर आपल्या देशाचे स्वातंत्र्य लांबले तरी चालेल. इतका उदार प्रस्ताव क्वचितच कुणी मांडला असेल. पण संघराज्य झाले नाही आणि १९६६ मध्ये चलनेही वेगळी झाली.

तरीही ६ जून १९६७ रोजी केनियाचे केन्याटा, युगांडाचे ओबोटे आणि टांझानियाचे न्येरेरे यांनी कंपालात करार केला आणि पूर्व आफ्रिकी समुदाय जन्माला आला. मुख्यालय अरुशाला, टपालखात्याचे कंपालाला, बंदरांचे दार-ए-सलामला. रेल्वे आणि विमान कंपनी नैरोबीतच राहिली. केनियाच्या मालावर शेजाऱ्यांना मर्यादित कर बसवण्याची मुभाही मिळाली. वाटणी विचारपूर्वक केलेली होती. गोम होती ती शेवटच्या शब्दात, कारण तो तिघा राष्ट्राध्यक्षांचा होता.

जानेवारी १९७१ मध्ये इदी अमीनने ओबोटेंची सत्ता उलथवली. न्येरेरेंनी ओबोटेंना आसरा दिला आणि अमीनबरोबर एका टेबलाशी बसायला साफ नकार दिला. तिघांची बैठक पुन्हा कधी झालीच नाही. खालचे अधिकारी गाडा ओढत राहिले, पण पैसे आपल्याच देशात अडकवून ठेवण्याची सवय वाढली. १९७७ च्या सुरुवातीला ईस्ट आफ्रिकन एअरवेज बंद पडली, केनियाने स्वतःची विमान कंपनी काढली आणि वर्षाच्या मध्यापर्यंत समुदायच मोडला.

मोडणे सोपे, वाटणी अवघड. स्विस मुत्सद्दी व्हिक्टर उम्ब्रिख्त यांनी इंजिने, इमारती, कर्जे यांचा हिशेब लावत वर्षे घालवली. मालमत्तेचा करार १९८४ मध्ये झाला. कंपालातली विकास बँक मात्र टिकून राहिली.

नोव्हेंबर १९९९ मध्ये याच तीन देशांनी अरुशात नवा करार केला. आता सदस्य आठ आहेत. सोमालिया २०२४ मध्ये आला. या वेळी समुदायाच्या न्यायालयात सामान्य नागरिकही स्वतःच्या सरकारविरुद्ध दाद मागू शकतो.