गावे का वाढतात आणि का थांबतात?



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. आज मात्र मी आपल्याला फार लांब नेणार नाही. कल्याणला गाडीत बसावे आणि कर्जतच्या दिशेने तोंड करावे, एवढाच प्रवास आपल्याला करावयाचा आहे. मुंबईपासून कल्याण ५४ किलोमीटर, अंबरनाथ ६०, बदलापूर ६८. पंधरावीस मिनिटांच्या या वाटेवर एक असा प्रश्न पडून आहे की, ज्याचे उत्तर शोधताना थेट राजपुतान्याच्या वाळवंटापर्यंत जावे लागते.

अंबरनाथला वालधुनीच्या काठी शिवमंदिर आहे. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हे वर्ष आणि शिलाहार राजा मम्वाणी याचे नाव आहे. असे शिल्प जेथे उभे राहिले तेथे धनिक असले पाहिजेत, कारागीर असले पाहिजेत, राजाची कृपादृष्टी तर होतीच. मग त्या मंदिराभोवती मोठे नगर वाढावयास हवे होते. तसे झाले नाही. पुढची साडेआठशे वर्षे अंबरनाथ हे खेडेच राहिले.

आता त्याच वालधुनीच्या काठाने थोडे उत्तरेकडे या. दुसऱ्या महायुद्धात सरकारने येथे लष्करी छावणी उभारली. युद्ध संपले, सैनिक गेले, रिकाम्या बराकी उरल्या. देवालय नाही, किल्ला नाही, पिढीजात बाजारपेठ नाही. फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासित या बराकींत येऊन पडले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. नऊ शतकांचे मंदिर ज्या गावाला शहर करू शकले नाही, त्याच्या शेजारी दोन वर्षांत लाखाची वस्ती झाली. हे कसे झाले?

आपल्याकडे या प्रश्नाला दोन उत्तरे तयार असतात. एक, स्थानमाहात्म्य. ते अंबरनाथने खोटे ठरवले, हे आपण पाहिलेच. दुसरे, राजसत्तेचे ठाणे. कचेरी आली, मामलेदार आला, की गाव वाढते, असे म्हणतात. त्याची परीक्षा पाहावयाची तर मुरबाडला जाऊ या. मुरबाड हे तालुक्याचे गाव. शिवाय जुन्नरहून नाणेघाट उतरून कल्याणच्या बंदराकडे जाणारा सातवाहनांच्या काळचा राजमार्ग याच मुलखातून जात असे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. जकातीचे नाणे त्यात टाकीत, असे लोक सांगतात. एवढी जुनी वाट आणि वर तालुक्याची कचेरी. तरीही २०११ च्या जनगणनेत मुरबाडची लोकसंख्या वीस हजारांच्या आतच राहिली.

म्हणजे उत्तर दुसरीकडे शोधले पाहिजे. १ मे १८५४ रोजी आगगाडी कल्याणला पोहोचली. तेथून लोहमार्गाला दोन फाटे फुटले. एक कसाऱ्याकडून थळघाटाने नाशिककडे गेला, दुसरा १८५६ मध्ये अंबरनाथ-बदलापूरवरून पळसदरीला पोहोचला आणि १८६३ मध्ये बोरघाट चढला. नाणेघाट या दोहोंच्या मध्ये राहून गेला. बैलांचे तांडे ज्या वाटेने दीड-दोन हजार वर्षे चालले, ती वाट कोणी बंद केली नाही. तिच्यावरून जाण्याचे कारण तेवढे संपले. मुरबाडला आजवर आगगाडी पोहोचलेली नाही. आणि बदलापूर? घोडे बदलण्याचे ठाणे म्हणून बदलापूर, अशी लोकांनी लावलेली व्युत्पत्ती आहे. ती खरी असो वा नसो, घोड्यांची वाट संपल्यावरही ज्या गावाला गाडीचे स्थानक लाभले, त्याचे दैव उघडे राहिले.

हाच न्याय वाळवंटात अधिक स्पष्ट दिसतो, कारण तेथे चुकीला जागा कमी. जैसलमेर ११५६ मध्ये वसले. सिंधकडे जाणाऱ्या उंटांच्या तांड्यांवर त्याने वैभव भोगले. तेथील व्यापाऱ्यांच्या कोरीव हवेल्या आजही त्याची साक्ष देतात. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे बंदर वाढले, माल समुद्राने आणि रुळांवरून जाऊ लागला, आणि तांडे ओसरले. १९४७ मध्ये तर पश्चिमेकडची वाट सरहद्दीनेच तोडली. आज हवेल्या आहेत, किल्ला आहे, आणि २०११ च्या गणनेप्रमाणे वस्ती सुमारे ६५ हजारांची. त्याच वाळवंटात जोधपूर मात्र दहा लाखांच्या वर गेले, कारण तेथे दरबार होता, रेल्वे होती, पुढे सैन्याचे आणि विमानदलाचे तळ आले. आणि १९२७ मध्ये बिकानेर संस्थानात गंगा कालव्याचे पाणी खेळले, तेव्हा जेथे एक लहानसे खेडे होते तेथे गंगानगरसारखे भरभराटीचे शहर उभे राहिले.

तेव्हा दोन गोष्टी हाती आल्या: वाट आणि पाणी. परंतु उल्हासनगरचे कोडे एवढ्याने सुटत नाही. वाट आणि पाणी शेजारच्या गावांनाही होते. तेथे तिसरी गोष्ट आली. ती म्हणजे ज्यांना परतीचा रस्ता नव्हता अशी माणसे.

सिंधमध्ये शिकारपूर नावाचे शहर आहे. बोलन खिंडीतून कंदाहार आणि मध्य आशियापर्यंत ज्यांच्या हुंड्या चालत, ते सावकार या शिकारपूरचे. अशा शहरांतून, तशीच कराची-हैदराबादेतून आणि लहानमोठ्या खेड्यांतून आलेले लोक येथील बराकींत, पडदे लावून केलेल्या खोल्यांत राहिले. मागे घर नव्हते, शेत नव्हते. गावाकडे चार पैसे पाठवावयाचे आणि म्हातारपणी परत जावयाचे, ही मुंबईच्या गिरणगावातील कोकणी माणसाला असलेली सोय त्यांना नव्हती. त्यामुळे जे काही उभारावयाचे ते येथेच. पापड लाटले गेले, कापडाचे दुकान लागले, लाकडी सामानाचा बाजार वसला, शाळा निघाल्या. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, ही थट्टा आपण सर्वांनी केली आहे. पण त्या थट्टेच्या मागे घरातल्या घरात कारखाना चालवणाऱ्या कुटुंबाची रात्रपाळी आहे, हे विसरू नये. एक योगायोग मनात येतो. ज्या १९४७ ने जैसलमेरची वाट बुजवली, त्याच १९४७ ने कल्याणच्या बराकी भरल्या. एकाच घटनेने एक गाव थांबवले आणि दुसरे जन्माला घातले.

अंबरनाथचेही दैव याच शतकात उघडले. १९२० नंतरच्या दशकात वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा आगपेट्यांचा कारखाना आला, १९५३ मध्ये संरक्षण खात्याचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना आला, आणि पुढे औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती आल्या. पूर्वेकडची आनंदनगरची वसाहत त्यांतलीच. मंदिराने जे केले नाही ते आगपेटीने केले, असे म्हणावयास हरकत नाही.

आणि आता पाळी बदलापूरची आहे. २००१ मध्ये कुळगाव-बदलापूरची वस्ती ९७,९४८ होती, ती २०११ मध्ये १,७४,२२६ झाली. दहा वर्षांत पाऊणपट वाढ! त्याच दहा वर्षांत उल्हासनगर ४,७३,७३१ वरून ५,०६,०९८ वर गेले. ही वाढ सात टक्केही नाही. सुमारे तेरा चौरस किलोमीटरच्या जागेत उल्हासनगर काठोकाठ भरले आहे. जांभळांसाठी नावाजलेल्या बदलापुरात माळ मोकळे होते आणि मुंबईत न परवडणारे घर तेथे परवडत होते. शहरे अशी आळीपाळीने वाढतात. जे आज धावते ते उद्या थांबते.

येथवर मी जे सांगितले ते ऐकून आपल्याला वाटेल की, वाढले ते भाग्यवान आणि राहिले ते अभागी. तसे असते तर हे व्याख्यान येथेच संपले असते. परंतु एक हिशेब बाकी आहे.

ही तिन्ही शहरे पितात ते पाणी उल्हास आणि बारवी या नद्यांचे. औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरण १९७२ च्या सुमारास झाले. पुढे त्याची उंची वाढवत नेली. ठाणे जिल्ह्यातील कितीतरी नगरांना आणि कारखान्यांना ते पाणी जाते. त्या पाण्याखाली ज्यांच्या जमिनी गेल्या ती गावे मुरबाड तालुक्यातील. म्हणजे मघाशी आपण ज्या मुरबाडला मागे राहिलेले म्हणालो, त्याच्या शेतांवर आपल्या नळाचे पाणी उभे आहे. लहान गाव आणि मोठे शहर या दोन निरनिराळ्या गोष्टी नव्हेत. पुष्कळदा एकाचे मोठेपण दुसऱ्याने भरलेले असते.

नदीचाही हिशेब आहे. २६ जुलै २००५ रोजी उल्हासचे पाणी बदलापुरात शिरले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. त्या प्रसंगी आसपासचे गावकरी आपणहून पाण्यात उतरले होते. नदीचे पात्र कोठवर आहे हे त्यांना ठाऊक होते. आपण मात्र ते नकाशात आकुंचित करून त्यावर इमारती चढवत गेलो. आणि वालधुनी? शिलाहारांच्या कारागिरांनी जिच्या काठी दगडात लेणे घडवले, ती आज कारखान्यांचे रंग आणि गटारांचे पाणी वाहून नेते. मंदिराजवळून जाताना आपण नाकाला रुमाल लावतो.

जैसलमेर आकाराने लहान राहिले; परंतु पाण्याच्या एका घागरीची किंमत त्या गावाने कधी विसरली नाही. गडीसर तलावात थेंब थेंब साठवून ते शतकानुशतके जगले. आपल्याला पाणी दारात मिळाले, वाट दारात मिळाली, कष्टाळू माणसे मिळाली. त्यांतले एकही आपण निर्माण केलेले नाही. इतिहासाने हे आपल्याला दिले, तसे तो काढूनही घेतो. सोपाऱ्याच्या बंदराला आणि नाणेघाटाला त्याने तसे दाखवले आहे.

व्याख्यान संपल्यावर आपण घरी जाल आणि नळ सोडाल. ते पाणी कोणत्या खोऱ्यातून आले आणि वापरून झाल्यावर कोणत्या नदीत जाणार, एवढे दोन प्रश्न घरातल्या मुलांना विचारा. त्यांना उत्तर येत असेल तर आपली गावे खरोखर शहरे झाली असे मी समजेन. येत नसेल तर, लोकसंख्या कितीही होवो, आपण अजून त्या बराकींतच राहत आहोत.