राज्याचा हुकूम, टाऊनचा खर्च : न्यू जर्सीची 'कौन्सिल ऑन लोकल मँडेट्स'

मंडळी, प्रॉपर्टी टॅक्सचे बिल आले की आपण सगळेच टाऊनच्या नावाने बोटे मोडतो. पण टाऊन, कौंटी आणि स्कूल बोर्डाचा बराचसा खर्च ट्रेंटनमध्ये झालेल्या कायद्यांमुळे होतो. आयजीच्या जिवावर बायजी उदार, तशातला हा प्रकार! त्याला आळा घालणाऱ्या संस्थेची ही थोडक्यात माहिती.

स्थापना : नोव्हेंबर १९९५ मध्ये मतदारांनी राज्यघटनेतील दुरुस्ती मंजूर केली. राज्याने हुकूम काढला, तर पैसेही राज्यानेच द्यावेत, हे तिचे सूत्र. वाद सोडवण्यासाठी नऊ जणांची कौन्सिल आली. चार सदस्य गव्हर्नर नेमतात, चार विधिमंडळातील दोन्ही पक्षांचे नेते आणि एक राज्याचे सरन्यायाधीश.

अधिकार : पैशांची तरतूद नाही असे कौन्सिलने ठरवले, की तो नियम बंधनकारक राहत नाही. या निर्णयावर कोर्टात अपील नाही. मात्र फेडरल कायद्यामुळे आलेले नियम, खाजगी संस्थांनाही सारखेच लागू असलेले नियम, तसेच दोन्ही सभागृहांत तीन-चतुर्थांश मतांनी ठराविक पद्धतीने झालेले कायदे यांना सूट आहे.

काही निर्णय : शाळांमधील दादागिरी रोखणाऱ्या कायद्याविरुद्ध अलामुची टाऊनशिपच्या स्कूल बोर्डाने तक्रार केली. जानेवारी २०१२ मध्ये कौन्सिलने ती मान्य केली. मार्चमध्ये कायदा दुरुस्त होऊन १० लाख डॉलर्सची तरतूद झाली आणि कायदा टिकला. २०१६ मध्ये डेप्टफर्डच्या तक्रारीवरून पोलिसांच्या गाड्यांत कॅमेरे बसवण्याची सक्ती गेली. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांकडून घेतलेला २५ डॉलर्सचा जादा आकार त्या खर्चाला पुरेसा नव्हता. २०१९ मध्ये टपाली मतदानाच्या नव्या कायद्यांबाबत कौंटींच्या बाजूने निकाल लागला.

सुधारणा कशाला हवी? कौन्सिल स्वतःहून चौकशी करू शकत नाही; कुणीतरी तक्रार करावी लागते. तुम्ही-आम्ही टॅक्स भरत असलो तरी तक्रारीचा हक्क टाऊन, कौंटी, स्कूल बोर्ड किंवा थेट निवडून आलेल्या मेयरसारख्यांनाच. लहान टाऊनला वकिलाचा खर्चही जड जातो. उलट बाजूही आहे. नऊ नेमलेल्या व्यक्तींनी लोकनियुक्त विधिमंडळाचा कायदा थांबवावा आणि त्यावर दादही मागता येऊ नये, हे अनेकांना खटकते. वरची तिन्ही उदाहरणे पाहिली तर हेतू चांगलेच होते. अडले ते पैशांपाशी.

आमच्या मते नागरिकांना तक्रारीची मुभा आणि कायदा होण्याआधीच खर्चाचा स्पष्ट अंदाज, या दोन गोष्टी आधी व्हाव्यात. अपीलबंदी मात्र घटनेतच असल्याने ती बदलायला पुन्हा मतदारांकडे जावे लागेल. तेव्हा बॅलटवरचे सार्वजनिक प्रश्न वाचल्याशिवाय सोडू नका, आणि टाऊनच्या बजेटच्या सभेला एकदा तरी जाऊन बसा. तिथे प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही!