दगड ओळखणारा पाद्री

उमरेड म्हटलं की नागपूरकडच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक कोळशाची खाण आणि दुसरा, अलीकडे, कऱ्हांडल्याचा वाघ. वाघाचं पुन्हा कधीतरी. आज कोळशाच्या निमित्ताने एका पाद्र्याबद्दल लिहितोय, कारण नागपूर परिसरातल्या जमिनीखाली काय दडलंय याचा पद्धतशीर शोध घेणाऱ्या पहिल्या काही लोकांत ते होते. स्टीफन हिस्लॉप. नागपुरात ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, तेच.

हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. तेव्हा गादीवर तिसरे रघूजी भोसले होते. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडने त्यांना धर्मप्रसारासाठी पाठवलं होतं. मराठी शिकायची, उपदेश करायचा, शाळा चालवायच्या, हे त्यांचं नेमून दिलेलं काम. १८४६ मध्ये शाळा सुरूही झाली. पण या माणसाला एक भलतीच देणगी होती. रस्त्याने चालताना त्यांना दगड दिसायचे. म्हणजे दगड आपल्यालाही दिसतात हो, पण त्यांना त्यातली शिंपली दिसायची!

बायबलात तालांतांचा दाखला आहे. धनी परदेशी जाताना चाकरांकडे पैसे सोपवतो. कोणाला पाच तालांत, कोणाला दोन, कोणाला एक. एकवाला घाबरून आपला वाटा जमिनीत पुरून ठेवतो आणि शेवटी धन्याच्या शिव्या खातो. हिस्लॉप यांच्या बाबतीत गंमत अशी, की त्यांची देणगीच मुळी जमीन उकरण्याची होती.

सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी नागपूरजवळच्या टाकळीला जीवाश्म गोळा केले. आज हे टाकळी शहरातच आलंय. १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात दोघांचा नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा निबंध छापून आला. त्यांनी जमवलेल्या वनस्पतींच्या ठशांवर चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये लिहिलं. त्यात ग्लॉसोप्टेरिसची पानं आहेत. ही झाडं कोळसा घडवणाऱ्या जुन्या जंगलांतली. उमरेडचा कोळसाही त्याच गोंडवनी खडकांतला. आमच्या आयटीत अशा उद्योगाला साइड प्रोजेक्ट म्हणतात आणि मॅनेजरला सहसा कळू देत नाहीत.

आता प्रश्न असा, की यात ख्रिस्तसेवा कुठे आली? दगड फोडून कुणाचा आत्मा तरतो? हा आक्षेप मला अगदीच पोकळ वाटत नाही. पण हिस्लॉप यांच्या काळच्या अनेक पाद्र्यांना निसर्ग हे देवाचंच दुसरं पुस्तक वाटे. ते वाचणं म्हणजे कामात दांडी नव्हे. शिवाय पारखायची हीच सवय त्यांनी माणसांच्या बाबतीतही वापरली, आणि माझ्या मते त्यांचं खरं मोठं काम ते. दगड बघायला डोळा लागतो, इथे कान लागला. गोंडांच्या बोलीतले शब्द त्यांनी टिपून ठेवले. परधान, म्हणजे गोंडांचे परंपरेने गाणारे लोक, लिंगोची कथा गातात. तीही उतरवून घेतली. मिशनरी म्हणून त्या श्रद्धा त्यांना पटणं शक्यच नव्हतं, तरी लिंगोची कथा त्यांनी जपली. हे सोपं नाही. ज्याला बदलायला आलो त्याचंच गाणं आधी बसून ऐकायचं!

अर्थात ही माहिती पुढे इंग्रजी कारभाराच्याही कामी आली, हे विसरून चालणार नाही. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि सरकारला आपली रयत कोण हे समजून घ्यायचंच होतं.

१८६३ च्या सप्टेंबरात हिस्लॉप टाकळघाटला गेले, प्रांताचे प्रमुख रिचर्ड टेंपल यांच्या सोबत. उमरेडहून बुटीबोरीला येऊन थोडं पुढे गेलं की हे गाव. तिथे मोठमोठे धोंडे गोलाकार मांडलेली प्राचीन दफनस्थळं आहेत, ती पाहायची होती. परतताना ४ सप्टेंबरला पुराने फुगलेला नाला ओलांडताना ते बुडाले. घोडा एकटाच परतला. चार दिवसांनी त्यांना ४६ वर्षं पूर्ण झाली असती.

टिपणं अर्धवटच राहिली होती. ती टेंपल यांनी नीट लावून १८६६ मध्ये छापली. लिंगोची गोंडी कथा इंग्रजी भाषांतरासह त्यात आहे. कॉलेज निघालं त्यानंतर, १८८३ मध्ये. आणि हो, हिरवट रंगाच्या एका कॅल्साइटला हिस्लॉपाइट म्हणतात.