नागोया ते रावळपाडा

गणेशोत्सवात दहिसरच्या रावळपाड्यात किंवा केतकीपाड्यात शिरलात, की मूर्ती दिसायच्या आधी कानावर आदळतो तो बँजो. ढकलगाडीवर जनरेटर, स्पीकरचे खोके, मधोमध स्टँडवर ठेवलेली एक लांबट पेटी आणि तिच्यावर झुकलेला, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला वादक. डाव्या हाताची बोटं बटणांवर, उजव्या हातात नखी. भोवती ढोलकी, ताशा, कॅसिओ, ऑक्टोपॅड. याला आपण ‘बँजो पार्टी’ म्हणतो आणि संगीताच्या गप्पांत तिचं नावही घेत नाही. चाल लोकांची, वाद्यं विजेवरची, वादन जागच्या जागी, आवाज कानठळ्या बसवणारा. रॉक बँडला याहून वेगळं काय लागतं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

अमेरिकन बँजोशी या पेटीचं नातं नावापुरतं. तो बँजो चामड्याने मढवलेला, लांब दांडीचा, आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांच्या वाद्यांतून घडलेला. दहिसरच्या पेटीचं माहेर जपान. १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो याने ती बनवली. तैशो सम्राटाची कारकीर्द त्याच साली सुरू झाली, म्हणून नाव पडलं ‘तैशोगोतो’. कोतो हे जपानचं जुनं तंतुवाद्य, बसून वर्षानुवर्षं शिकायचं. मोरिताने तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवली. बटण दाबलं की तार पडद्यावर टेकते, दुसऱ्या हाताने नखीने ती छेडायची. बटणांवर आकडे. गुरू परवडत नाही, स्वरलिपी वाचता येत नाही, अशा माणसालाही चार दिवसांत एखादी धून जमावी, इतकं ते सोपं. पुढे हे वाद्य जिथे जिथे रुजलं, ते या सोपेपणाच्या जोरावर.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जपानचा स्वस्त माल हिंदी महासागराच्या बंदरोबंदरी उतरत होता. पेटीही अशीच फिरली असणार. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मोंबासाकडे, ताराब गायकीच्या साथीला ती ‘तैशोकोतो’ म्हणून बसली. कराची आणि मकरानकडे तिची ‘बेंजू’ झाली आणि बिलावल बेल्जियम यांच्यासारख्या वादकाने तिला बलुची संगीतात मानाची जागा मिळवून दिली. आपल्याकडे ‘बुलबुल तरंग’ म्हणून ती हौशी घरांत शिरली. मुंबईत मात्र ती घराबाहेर पडली.

रस्त्यावर तेव्हा राज्य ब्रास बँडचं होतं. इंग्रजी पलटणींच्या बँडवरून उचललेले ट्रंपेट, क्लॅरिनेट, साइड ड्रम वरातीत कधीच स्थिरावले होते. कोळ्यांच्या लग्नात बँड हवाच. ईस्ट इंडियन घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी ‘उंबराचं पाणी’ आणायला जाताना वाजतगाजतच जायचं. मिश्रणाची सवयही जुनी. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले गोमंतकीय वादक दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत आणि रात्री हॉटेलांच्या जाझ बँडांत वाजवायचे. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, १९५१ च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट या ट्रंपेटवादकाला पडद्यावरही आणलं आणि १९५७ च्या ‘आशा’त देशभराला रॉक अँड रोलवर नाचवलं. लावणीचा ठसका आणि जाझचा झोल एकाच माणसाच्या पेटीतून निघत होता, आणि लोकांना त्यात वावगं काही वाटत नव्हतं.

पण बँड म्हणजे दहा-पंधरा माणसं, गणवेश, महागडी पितळी वाद्यं आणि फुप्फुसाचा दम. गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींतल्या पोरांना हे झेपणारं नव्हतं. बुलबुल तरंगाला पिकअप लावला आणि अँप्लिफायरला जोडला, की एकटा वादक अख्ख्या ट्रंपेटच्या रांगेला भारी पडतो. तालाला घरची ढोलकी होतीच. कोकणातून आलेल्या माणसाच्या हातात जाखडी नाचाचा ठेका जन्मापासून असतो. बँजो पार्टीचा जमाखर्च हा असा होता. त्यात कलेचं कुठलं धोरण शोधू नये.

ही मंडळी दहिसरला कशी आली, ते मुंबईच्या नकाशावर दिसतं. १९५७ पर्यंत दहिसर मुंबई महापालिकेच्या हद्दीतही नव्हतं. आगरी, कोळी, भंडारी, ईस्ट इंडियन यांची गावठाणं, तुळशी तलावाकडून येणारी नदी, शेती. पुढे गिरणगावात जागा पुरेना, आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर तर गिरणगावच उसवलं. बोरिवली, दहिसर, नालासोपारा, विरार अशी माणसं उत्तरेला सरकत गेली. भांड्याकुंड्यांबरोबर मंडळं आली, मंडळांबरोबर बँजो आला. दहिसरला त्याला भेटले गुजराती शेजारी.

इथे थोडं थांबायला हवं, कारण बँजो पार्टीचं खरं कसब इथेच कळतं. मिरवणूक एका श्रोत्यापुढे वाजत नाही. गावठाणाच्या तोंडाशी कोळीगीत मागतात, पुढच्या चाळीत मालवणी मंडळी असतात, सोसायटीच्या फाटकाशी गुजराती बायका फेर धरून उभ्या, नाक्यावर पोरांना नवं हिंदी गाणं हवं. शंभर पावलांत चार फर्माइशी, आणि वादन तोडायचं नाही. तोडलं की नाच मोडतो. मग जोड कशाने द्यायची? कोळीगीत सहा मात्रांत डुलतं, आणि गरब्याची हींचही सहाच मात्रांची. ढोलकीवाला ठेका तसाच धरून ठेवतो, फक्त धा जरा पुढे-मागे सरकवतो. बँजोवाला एका लांब, थरथरत्या स्वरावर थांबतो आणि त्याच स्वरावरून गरब्याच्या मुखड्यात उतरतो. नाचणाऱ्याचं पाऊल चुकत नाही, हात मात्र वल्ह्यावरून टाळीवर येतात. बटणाच्या वाद्यावर सतारीसारखी तार ओढता येत नाही, मींड निघत नाही. ती उणीव नखीच्या वेगाने आणि खटक्यांनी झाकायची. बँजोचा तो चिरपरिचित, जरा कर्कश, फडफडणारा नाद या झाकाझाकीतून आला आहे.

शेजारच्या बोरिवलीत फाल्गुनी पाठक यांनी नवरात्रात लाइव्ह बँडवर हजारोंना नाचवलं, तेव्हा वृत्तपत्रांची पानं भरली. गाडीवरचा बँजोवाला त्याच चाली त्याच आठवड्यात देवीपुढे वाजवत होता. त्याची बातमी झाली ती आवाजाच्या तक्रारीपुरती.

रोलँडचा ऑक्टोपॅड १९८५ चा. ऑर्केस्ट्रातून तो बँजोच्या गाडीवर चढला आणि आठ रबरी चौकोनांतून संबळ, हलगी, ड्रमसेट, काच फुटल्याचा आवाज, जे हवं ते निघू लागलं. २०१६ साली ‘सैराट’ आला. अजय-अतुल यांनी त्याच्या संगीतासाठी हॉलिवूडच्या स्टुडिओत सिंफनी ऑर्केस्ट्रा बसवला होता. ‘याड लागलं’मधला व्हायोलिनचा तो ताफा गणपतीपर्यंत बँजोच्या तारेवर उतरलेला होता. ‘झिंगाट’ला तर उतरवायचीही गरज नव्हती, ते मिरवणुकीचंच लेकरू. त्याच वर्षी रवी जाधवांचा ‘बँजो’ही आला, रितेश देशमुख नायक. बँजोवादकाला नायक व्हायला त्यात न्यूयॉर्कहून आलेली मुलगी लागली, हे मात्र मला खटकलं.

रॉकचा प्रतिष्ठित रस्ता वेगळा. १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव धोबीतलावच्या रंगभवनात भरायचा. गाणी बहुतांशी इंग्रजी. रंगभवन शांतता क्षेत्रात आलं आणि तिथलं रॉकचं पर्व संपलं. मराठी मुळं आणि रॉक यांची उघड गाठ अलीकडे ‘अभंग रीपोस्ट’सारख्या मुंबईकर बँडने घातली: तुकोबांचे शब्द, गिटार, बेस, ड्रम. ते ऐकायला सहज वाटतं, कारण भजनी ठेका आठ मात्रांचा आणि रॉकचा चार-चारांचा. दोघांच्या समा जुळतात. काम देखणं आहे. पण त्याला ‘पहिला प्रयोग’ म्हणणाऱ्यांनी एकदा विसर्जनाच्या दिवशी दहिसर नदीच्या पुलावर उभं राहावं.

बँजोच्या गाडीला गेल्या वीस वर्षांत दोन प्रतिस्पर्धी भेटले. डीजेने पैसे खाल्ले: एक माणूस, एक लॅपटॉप, वादकांची मजुरी शून्य. आणि पुण्याकडून आलेल्या ढोल-ताशा पथकांनी मान खाल्ला: पांढरे कुर्ते, फेटे, इंजिनिअर मुलं-मुली, महिनाभर सराव. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सगळ्यांना सारखेच. रात्री दहाला भोंगा बंद, सरकारने ठरवून दिलेल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट. २०१८ च्या गणेशोत्सवात उच्च न्यायालयाने डीजेवरची बंदी उठवायला नकार दिला, तेव्हा मंडळांना जुन्या बँजोवाल्यांची आठवण झाली. स्पीकर त्यांच्याकडेही होतेच, पण निदान वाजवणारा माणूस समोर दिसत होता.

बलुचिस्तानचे नूर बख्श हे म्हातारे बेंजूवादक, आयुष्यभर वस्त्यांतून आणि लग्नांतून वाजवत आलेले, अलीकडे युरोपच्या महोत्सवांत वाजवून आले. तीच नागोयाची पेटी, तोच पिकअप, तशीच बटणं. तिथल्या पोस्टरवर ‘उस्ताद’ लिहून त्यांचं नाव छापतात. दहिसरच्या गाडीवर मोठ्या अक्षरांत असतं पार्टीचं नाव, आणि खाली हळदी, साखरपुडा, माघी गणपती अशा सुपाऱ्यांसाठी मालकाचा मोबाइल नंबर.