उद्योगनेतृत्वातील सामूहिक निर्णय : उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर

कारखान्याचे मालक, भागीदार किंवा संचालक एकत्र बसून अडचण ओळखतात, पर्याय तपासतात आणि त्यांतून एक निवडतात, ती पद्धत. ठाणे जिल्ह्यातील या पट्ट्यात तिचा विचार मुख्यतः लघुउद्योगांच्या अंगाने करावा लागतो. अंबरनाथचा विमको आगपेटी कारखाना १९२० च्या दशकातला. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी झालेल्या लष्करी तळाला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले आणि तिथल्या बराकींतून घरगुती धंदे उभे राहिले. पुढे अंबरनाथ-बदलापूरला एमआयडीसीच्या वसाहतींत रसायने, औषधे आणि यंत्रभागांचे कारखाने आले. अशा धंद्यांत निर्णय बहुधा घरातल्याच दोघातिघांचा असतो आणि तो चटकन होतो. ही चपळाई या भागाचे खरे भांडवल आहे. ती कमी लेखणे अन्यायाचे ठरेल.

या चपळाईची मर्यादा कारखान्यांच्या सांडपाण्याने दूषित झालेल्या इथल्या वालधुनी नदीने दाखवली. प्रत्येक कारखान्यापुरता विचार केला, तर सांडपाण्यावरील खर्च टाळणे फायद्याचे दिसते. सगळ्यांनी तसेच केले की सगळेच गोत्यात येतात. वनशक्ती या पर्यावरण संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे व पालिकांना भरपाईचे आदेश दिले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये देशभरातील उद्योगांना तीन महिन्यांत सांडपाणी प्रक्रिया सुरू करा, नाहीतर बंद व्हा, असे बजावले. उल्हासनगरच्या जीन्सरंगाईचे अनेक कारखाने बंद पडले आणि मजुरांची रोजी गेली. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९४७ मध्ये मांडले होते, की माणूस हाती असलेल्या माहितीच्या मर्यादेतच निवड करतो. म्हणून प्रश्न मालकाच्या हुशारीचा नसून बैठकीला कोण बसते याचा आहे. प्रक्रिया केंद्र चालवणाऱ्या ऑपरेटरला धोका आधी कळतो, पण त्याला क्वचितच बोलावले जाते.

यावर आक्षेप असा, की हा कायद्याच्या अंमलबजावणीचा प्रश्न आहे, बैठकांचा नव्हे. अंमलबजावणी हवीच, मात्र ती बहुधा नुकसान झाल्यावर पोहोचते आणि तिच्या हाती टाळे असते. राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये सोदाहरण दाखवले, की सामाईक साधन वापरणारे स्वतः नियम, देखरेख आणि चढता दंड ठरवू शकतात. प्रत्येक सभासदाचे सांडपाणी केंद्रात शिरतानाच मोजण्याचा निर्णय उद्योजक संघटना घेऊ शकते. दुसरा आक्षेप वेळेचा. ऑर्डर घ्यायची की नाही हे मालकाने उभ्या उभ्या ठरवावे. पण नवे रसायन किंवा वाढीव उत्पादन यांसारख्या न फिरवता येणाऱ्या निर्णयाआधी विरोधी मत लेखी घेतलेच पाहिजे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ११८ नुसार संचालकाचा विरोध इतिवृत्तात नोंदवावा लागतो. भागीदारी संस्थांवर तशी सक्ती नाही, तेव्हा तो नियम भागीदारांनी आपल्या करारपत्रात स्वतःच घालून घ्यावा.