दोन धर्म, एक संसार

विवाहनिष्ठा म्हणजे परस्त्रीचा वा परपुरुषाचा मोह टाळणे, एवढाच अर्थ सामान्यतः केला जातो. ख्रिस्ती नीतिशास्त्रात हा अर्थ आहेच. परंतु तेवढ्याने तो पुरा होत नाही. पती-पत्नींपैकी एकाने धर्म बदलला आणि दुसऱ्याने बदलला नाही, तर पूर्वीच्या विवाहाचे वचन कोणाला व कितपत बांधते? एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी नव्हता. बाबा पदमनजींनी 1854 मध्ये बेळगावास बाप्तिस्मा घेतला, त्या काळापासून असा प्रत्येक धर्मांतरित आपल्या मागे एक घर सोडून जात होता, आणि त्या घरात बहुधा एक पत्नी असे.

या प्रश्नास ख्रिस्ती परंपरेत फार जुने उत्तर आहे. पहिल्या शतकाच्या मध्यास प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीस जे पत्र लिहिले, त्याच्या सातव्या अध्यायात तो म्हणतो की, पत्नी ख्रिस्ताला न मानणारी असली तरी ती नांदावयास राजी असेल, तर पतीने तिला टाकू नये; पतीविषयी पत्नीलाही हाच नियम. मात्र न मानणारा जोडीदार आपण होऊन निघून गेला, तर दुसरा बांधलेला नाही. या वचनाची दोन अंगे आहेत. एक धरून ठेवण्यास सांगते, दुसरे मोकळे करते. पुढच्या पिढ्यांनी कोणते अंग अधिक जवळ केले, यावर त्यांच्या निष्ठेची परीक्षा होते.

ब्रिटिश सरकारने दुसऱ्या अंगाला कायद्याचे रूप दिले. सर हेन्री मेन यांनी विधिमंडळात मांडलेल्या विधेयकातून 1866 चा एकविसावा कायदा निर्माण झाला. धर्मांतरामुळे जोडीदाराने सलग सहा महिने त्याग केला, तर धर्मांतरिताने सहवासासाठी न्यायालयात जावे. न्यायाधीशाने नकाराचे खरे कारण विचारावे. एक वर्ष थांबून पुन्हा विचारावे. आणि तरीही नकार कायम राहिल्यास विवाह मोडून दोघांस पुनर्विवाहाची मुभा द्यावी, असा त्याचा क्रम होता. कायदा निर्दय होता असे आम्ही म्हणत नाही. वर्षभराची मुदत हीच त्यातील सदसद्विवेकाची खूण होय. तथापि त्याने धीराची एक सीमा आखून दिली, हेही खरे.

या पार्श्वभूमीवर नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई यांचा संसार पाहिला पाहिजे. 1893 मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही पत्नीस आधी न कळविता. निष्ठेच्या इतिहासात हा प्रसंग टिळकांच्या बाजूने मांडणे कठीण आहे, आणि तो तसा मांडूही नये. लक्ष्मीबाई लहान मुलासह पंढरपुरास थोरल्या बहिणीच्या आश्रयाने राहिल्या. पती जिवंत असता पतिविरहाचे जे दुःख त्यांनी भोगले, त्याला आपल्या समाजात नावदेखील नव्हते.

टिळकांनी कायद्याने आखलेली सीमा ओलांडून वाट पाहिली. लक्ष्मीबाई पुढे अहमदनगरकडे पतीजवळ राहावयास आल्या, त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. त्यांनी आपले सोवळे सांभाळले, आणि टिळकांनी ते सांभाळू दिले. एका छपराखाली दोन आचार नांदले. पौलाच्या वचनाचे पहिले अंग मराठी घरात कसे दिसते, याचे याहून स्पष्ट चित्र आम्हांस ठाऊक नाही.

अखेर 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पतीमागे पत्नी गेली, असा सोपा निष्कर्ष येथे काढण्याचा मोह होतो. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास तो टिकणारा वाटणार नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाने त्यांचे मन ढवळून निघाले, आणि तो माणसाचा आहे असे पटल्यावरच त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. पतिव्रताधर्म एवढेच कारण असते, तर पाच वर्षे लागली नसती. टिळकांची निष्ठा थांबण्यात दिसली. लक्ष्मीबाईंची निष्ठा स्वतःला न फसविता परत येण्यात दिसली. आमच्या मते दुसरी अधिक अवघड होती, कारण तिच्या पाठीशी ना कायदा होता, ना शास्त्र, ना सासर-माहेर.

ख्रिस्ती विवाहाविषयीच्या कायद्याने स्त्री-पुरुषांना एकाच मापाने मोजले नाही, हेही येथे नोंदले पाहिजे. 1869 च्या घटस्फोटाच्या कायद्यात पत्नीचा व्यभिचार पतीला पुरे होता. पतीच्या केवळ व्यभिचारावर मात्र पत्नीला मुक्ती नव्हती, त्याला क्रौर्य किंवा परित्याग यांसारख्या दुसऱ्या अपराधाची जोड लागे. हा भेद 2001 च्या दुरुस्तीने नाहीसा झाला. शुभवर्तमानात पुरुषाच्या नजरेतील वासनेलाही व्यभिचार म्हटले आहे. म्हणजे धर्मग्रंथाने पुरुषावर घातलेले ओझे त्याच धर्माच्या नावाने चालणाऱ्या कायद्याने एकशे बत्तीस वर्षे हलके करून ठेवले होते.

टिळक 1919 मध्ये वारले. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. त्याचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहून पुरा केला. पतीचे चरित्र लिहिण्यासाठी मुलास आठवणी सांगता सांगता ‘स्मृतिचित्रे’ जन्मास आली, आणि तीत त्यांनी पतीचा तापट, अव्यवहारी स्वभाव झाकला नाही. त्यांचे प्रेम त्यामुळे उणे दिसत नाही. जोडीदाराविषयी खरे बोलणे हेही विवाहवचनाचेच अंग आहे, आणि ते अंग आमच्या वाङ्मयात एका ब्राह्मण घरात जन्मलेल्या ख्रिस्ती स्त्रीने पाळून दाखविले.