दाखल नोंदवहीपासून कोहापर्यंत : ग्रंथपालांच्या शिकण्याचा इतिहास



स्मरणिकेसाठी ‘संगणक क्षेत्रातील प्रगती’ या विषयावर लिही, असा निरोप मला आला. आपल्यापैकी बरेच जण या क्षेत्रात आहेत, तेव्हा त्यावर लिहिणारे पुष्कळ मिळतील. मी थोडा बाजूचा विषय घेते. ग्रंथालयात काम करणाऱ्यांना गेल्या शंभर वर्षांत काय काय नवे शिकावे लागले, हा तो विषय. निमित्त आहे आपल्याच शाळेची एक माजी विद्यार्थिनी. बोरी अरबची ही मुलगी कला शाखेची पदवी घेऊन अमरावती विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकली आणि आज एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. नाव छापायचे नाही, ही तिची अट. वीस वर्षे तिचे फोन येत आहेत आणि मी जमेल तशी उत्तरे देते आहे. तिच्या प्रश्नांमुळेच मी हा इतिहास वाचायला लागले.

हा इतिहास संगणकाच्या फार आधी सुरू होतो. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) हे मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १९०६ मध्ये त्यांनी संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शाळा सुटल्यावर मुलांच्या हाती पुस्तक नसेल तर शिकलेले विसरायला किती वेळ लागणार? म्हणून १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले. १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. भारतातल्या अगदी पहिल्या वर्गांपैकी तो एक. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून गावोगावी पाठवणारी फिरती वाचनालये तिथे चालली. बॉर्डन परत गेल्यावर हे काम जनार्दन कुडाळकरांनी सांभाळले. त्या वर्गातल्या विद्यार्थ्यासाठी नवे तंत्रज्ञान म्हणजे एका पुस्तकासाठी एक कार्ड. नोंदवहीत पुस्तके आली त्या क्रमाने लिहिलेली असतात. कार्डे मात्र लेखकाप्रमाणे, विषयाप्रमाणे हवी तशी लावता येतात, आणि नवे पुस्तक आले की मधे एक कार्ड सरकवले की झाले. आम्ही संगणकवाले ज्याला ‘इंडेक्स’ म्हणतो, तो हाच.

यानंतरचे मोठे नाव शि. रा. रंगनाथन यांचे. ते गणिताचे प्राध्यापक होते. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि हे शास्त्र शिकायला लंडनला गेले. तिथल्या एका दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. तेच मोजके तुकडे वेगवेगळ्या तऱ्हेने जोडून किती वस्तू बनतात, हे पाहून त्यांना वर्गीकरणाची कल्पना सुचली. विषयाचे सुटे घटक करायचे आणि मधे चिन्ह देऊन जोडायचे, ही त्यांची द्विबिंदू पद्धती १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याकडच्या बहुतेक वाचनालयांत मात्र ड्युईची दशांश पद्धती रुळली. तिच्यात ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य. शेवटी १ लागला की कविता, ३ लागला की कादंबरी. आमच्या मैत्रिणीला हे आकडे पाढ्यांसारखे पाठ आहेत.

याच काळात शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या वर्षांतल्या मराठी पुस्तकांची सूची तयार केली. मराठीत कोणते पुस्तक कधी आणि कोणी छापले, हे सांगणारा असा आधार दुसरा नव्हता. यंत्र नसताना हाताने केलेले हे काम आज कुणी संगणकावर करायचे म्हटले तरी आधी दात्यांची सूचीच उघडावी लागते.

पुढे १९६७ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला आणि वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग देऊन अनुदान मिळू लागले. गावोगावी ‘ड’ वर्गाची वाचनालये निघाली. दाखल नोंदवही, देवघेव नोंदवही, वर्तमानपत्रांची फाईल आणि संध्याकाळी दोन-तीन तास उघडणारी खोली, असा त्यांचा संसार. विदर्भातल्या आपल्यासारख्या गावांत पाठ्यपुस्तकापलीकडचे पुस्तक मिळण्याची जागा म्हणजे हीच, नाहीतर शाळेतले कपाट.

तिकडे १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरॅम या प्रोग्रॅमर बाईंनी पुस्तकाची नोंद यंत्राला वाचता येईल अशी मांडणी केली. तिला ‘मार्क’ म्हणतात. लेखकाला १००, शीर्षकाला २४५, विषयाला ६५० असे क्रमांक. साठ वर्षे होत आली, तरी जगातल्या ग्रंथालयांत अजून हेच क्रमांक चालतात. माझ्या क्षेत्रात एवढे टिकलेले फार थोडे आहे. भारतात १९८५ नंतर युनेस्कोचे मोफत सॉफ्टवेअर ‘सीडीएस आयसिस’ आले, ते डॉसच्या काळ्या पडद्यावर चाले. १९९१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘इन्फ्लिबनेट’ सुरू केले आणि २००० च्या सुमारास त्यांचे ‘सोल’ हे सॉफ्टवेअर महाविद्यालयांत पोहोचू लागले.

त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये एक गंमत झाली. तिथल्या होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातल्या ग्रंथालयांची जुनी संगणक प्रणाली २००० साल उजाडताच बंद पडेल, अशी भीती होती. नवी विकत घेणे परवडणारे नव्हते. त्यांनी स्वतःची प्रणाली करून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती सुरू केली आणि सगळ्यांसाठी खुली करून टाकली. नाव ठेवले ‘कोहा’. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, जिची परतफेडही अपेक्षित असते. लहान गावांच्या गरजेतून निघालेली ही प्रणाली आज जगभर, भारतातही, वापरली जाते.

आमच्या मैत्रिणीने या सगळ्याची नावे अभ्यासक्रमात पाठ केली होती. पण वर्गात संगणक मोजके आणि विद्यार्थी जास्त. सराव व्हायचा तो यवतमाळच्या सायबर कॅफेत, तासाचे पैसे मोजून. २००६ मध्ये अमेरिकेतल्या शार्लट शहराच्या ग्रंथालयात हेलन ब्लोअर्स यांनी कर्मचाऱ्यांसाठी ‘तेवीस गोष्टी’ हा उपक्रम काढला. फोटो चढवणे, विकीवर लिहिणे, टॅग लावणे अशी छोटी कामे ज्याने त्याने आपल्या वेगाने करून पाहायची. तो देशोदेशी पसरला. हिने त्याच धर्तीवर स्वतःची यादी केली. त्यातली एक गोष्ट होती मराठी विकिपीडियावर लेख दुरुस्त करणे. ते जमल्यावर तिचा हुरूप वाढला.

खरी अडचण पुढे आली, ती मराठीची. तिला नोकरी लागली तेव्हा ग्रंथालयातल्या मराठी पुस्तकांच्या नोंदी जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या होत्या. अशा फाँटमध्ये दिसते मराठी, पण संगणकाच्या पोटात साठते इंग्रजी कळांचे कडबोळे. फाँट काढला की ‘कादंबरी’च्या जागी निरर्थक अक्षरे उरतात. शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण ती आपल्या टेबलावर यायला दहा-बारा वर्षे लागली. हजारो नोंदी तिने पुन्हा तपासल्या, पुस्तक हातात घेऊन.

युनिकोड आल्यावरही सगळे सुटले नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ मध्ये आले. तोवर कुणी ‘अ’ टंकून त्यावर चंद्र देत असे, तर कुणी हिंदीतला ‘ऍ’ वापरत असे. ‘तऱ्हा’मधला अर्धा र सुद्धा दोन पद्धतींनी टंकला जातो. डोळ्यांना सारखे दिसणारे हे शब्द संगणकाला वेगळे वाटतात, आणि वाचकाला उत्तर मिळते : पुस्तक उपलब्ध नाही. पुस्तक मात्र मागच्या रॅकवर असते. यावर उपाय आहे. शोधण्याआधी सगळी रूपे एकच मानण्याचा नियम प्रणालीत बसवायचा. नियम मी लिहू शकले, पण कोणत्या जोड्या धरायच्या याची यादी तिने दिली. ती मला सुचली नसती, कारण रिकाम्या हाताने परत जाणारा वाचक मी पाहिलेला नव्हता.

मला या इतिहासातून एवढेच दिसते, की ग्रंथालयाचा विद्यार्थी प्रत्येक पिढीत नवे साधन शिकलाच. साधनाला मराठी शिकवण्याचे काम मात्र अजून अर्धवट आहे, आणि ते मराठी पुस्तके हाताळणाऱ्यांशिवाय होणार नाही. गावातली वाचनालये आज स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका म्हणून भरलेली असतात. तिथल्या मुलामुलींना कपाटात काय आहे, हे कळले पाहिजे.

म्हणून एक सूचना मांडते. मेळाव्याच्या निमित्ताने आपल्या शाळेची दाखल नोंदवही संगणकावर उतरवून घेऊ. कोहा मोफत आहे. बसवून द्यायचे आणि चालू ठेवायचे काम माझ्याकडे. नोंदी कशा करायच्या ते आमची मैत्रीण सुटीत येऊन शिकवणार आहे. शाळेने परवानगी द्यावी आणि गावात असलेल्या चार-पाच जणांनी रविवारचे दोन तास द्यावेत. जुन्या नोंदवह्यांतले बाईंचे आणि सरांचे अक्षर आपल्याला वाचता येते, तोवर हे काम झालेले बरे.